‘काही नाही, बरं आहे’ म्हणण्याआधी मोजा

(युवक-युवतींच्या आरोग्य कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रांनो, मैत्रिणींनो, मी एकोणीस वर्षं परिचारिका म्हणून काम करते आहे. आधी मेडिसिनचा वॉर्ड, मग बाळंतपणाचा विभाग आणि आता ओपीडी. आपल्या वस्तीतून, आपल्यासारख्या घरांतून येणारी माणसं मी रोज पाहते. ‘काय होतंय?’ असं विचारलं की बहुतेकांचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ‘काही नाही हो सिस्टर, जरा अशक्तपणा आहे.’ मग मी पट्टा बांधते, नाडी धरते, घड्याळाकडे बघते आणि कळतं की काहीतरी आहे. कधीकधी बरंच काही आहे.

आज मी तुम्हाला आजारांची यादी सांगणार नाही. ती तुमच्या मोबाइलवर रोज येते. मी फक्त पाच आकड्यांबद्दल बोलणार आहे. शरीराचं तापमान, नाडीचे ठोके, श्वासाची गती, रक्तदाब आणि रक्तातला ऑक्सिजन. आमच्या भाषेत यांना व्हायटल साइन्स म्हणतात, म्हणजे जिवंतपणाच्या खुणा. रुग्ण आला की सगळ्यांत आधी आम्ही हे पाहतो, कारण कुठला आजार आहे हे कळण्याआधी माणूस किती धोक्यात आहे हे यांवरून कळतं. आणि हे मोजायला डॉक्टर असावं लागत नाही. दहावी झालेला मुलगा, बारावीची मुलगी आठवड्याभरात हे शिकू शकते.

आधी एक प्रश्न. इथे किती जणांना स्वतःच्या मोबाइलची बॅटरी आत्ता किती टक्के आहे ते माहीत आहे? सगळ्यांना. आणि किती जणांना अम्मीचं बीपी किती असतं ते माहीत आहे? बघा, हात खाली आले. मला तुम्हाला लाजवायचं नाही. आपल्या घरांत हा आकडा विचारायची सवयच नाही, एवढंच दाखवायचं आहे.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना नब्ज हा शब्द चांगला ठाऊक आहे. हकीमसाहेब मनगटावर बोटं ठेवत, डोळे मिटत आणि मग बोलत. या विद्येचा इतिहास मोठा आहे. साधारण १०२५ च्या सुमारास इब्न सीना यांनी ‘अल-कानून’ हा वैद्यकग्रंथ पुरा केला. नाडी किती मोठी, किती जलद, किती नियमित, हे त्यात बारकाईनं मांडलं आहे. पुढे तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी लिहिलं की हृदयाच्या उजव्या बाजूचं रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूला येतं. त्या काळात ग्रीक वैद्य गॅलेन यांचा शब्द अखेरचा मानला जायचा, आणि हृदयाच्या मधल्या पडद्याला सूक्ष्म छिद्रं आहेत असं गॅलेन म्हणत. इब्न अल-नफीस यांनी सांगितलं की अशी छिद्रं नाहीत. मोठ्या माणसाचं म्हणणंही तपासून पाहायचं असतं, एवढं आपण त्यांच्याकडून घेऊ या.

पण हकीमांच्या बोटांना जे कळायचं ते त्यांच्यापाशीच राहायचं. ते दुसऱ्याला तसंच्या तसं देता येत नव्हतं. १७०७ साली इंग्लंडमध्ये जॉन फ्लॉयर या डॉक्टरांनी नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारं घड्याळ करवून घेतलं. १८६८ साली जर्मनीत वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांच्या तापमानाच्या नोंदींवर पुस्तक प्रसिद्ध केलं. १८९६ साली इटलीत रिवा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणला. १९०५ साली रशियात कोरोत्कोव यांनी त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोपनं ऐकू येणारे आवाज ओळखले. १९७४ साली जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं मूळ तत्त्व शोधलं. या सगळ्यांमुळे उस्तादांच्या बोटांतलं ज्ञान आकड्यात आलं, आणि आकडा कोणालाही वाचता येतो. त्याला घराणं, शिक्षण, पैसा लागत नाही.

आता एकेक घेऊ.

पहिलं तापमान. ‘अंग गरम लागतंय’ ही मोजणी नव्हे. भाकरी भाजून आलेल्या हाताला कोणाचंही कपाळ थंड लागेल. थर्मामीटर घ्या. ९८.६ अंश फॅरनहाइट हा आकडा वुंडरलिश यांच्या काळापासून चालत आला आहे, पण तो काही दगडावरची रेघ नाही. सकाळी तापमान थोडं कमी असतं, संध्याकाळी थोडं जास्त. १००.४ किंवा त्याहून जास्त असेल तर ताप आहे असं समजायचं. काखेत मोजलं तर तोंडापेक्षा आकडा थोडा कमी येतो, म्हणून कुठे मोजलं तेही लिहा. चहा किंवा गार पाणी पिऊन लगेच तोंडात थर्मामीटर ठेवू नका, पंधरा-वीस मिनिटं थांबा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ च्या वर ताप असेल तर घरी वाट पाहायची नाही, लगेच दवाखाना. आणि म्हाताऱ्या माणसांना मोठा जंतुसंसर्ग होऊनही कधीकधी ताप येतच नाही. दादी नेहमीसारखी बोलत नाही, गोंधळली आहे, श्वास भरभर चालला आहे, तर ‘ताप तर नाही’ म्हणून निर्धास्त होऊ नका.

दुसरं नाडी. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर पहिलं आणि मधलं बोट ठेवा. स्वतःचा अंगठा वापरू नका, त्याला स्वतःचेच ठोके लागतात. पाच मिनिटं बसून झाल्यावर पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसात ६० ते १०० ठोके साधारण ठीक. रोज पळणाऱ्या, खेळणाऱ्या मुलांचे ५० ते ६० असू शकतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ठोके एका तालात पडतात का, हेही बघा. मध्येच चुकतात, वेडेवाकडे पडतात, असं पुन्हा पुन्हा आढळलं तर डॉक्टरांना सांगा. अशा वेळी बीपीचं यंत्रही चुकीचा आकडा दाखवू शकतं, म्हणून बोटांनी मोजायची सवय सोडू नका.

तिसरा श्वास. यासाठी मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यांत दुर्लक्षित आकडा हाच. याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, आणि म्हणूनच कोणी मोजत नाही. माणूस बिघडायला लागला की पुष्कळदा पहिला बदल श्वासात होतो. बीपी नंतर घसरतं. छाती किंवा पोट एकदा वर जाऊन खाली आलं की एक श्वास. मोठ्या माणसात विश्रांतीच्या वेळी मिनिटाला १२ ते २०. पंचविशीच्या पुढे गेला तर ती गंभीर खूण समजा. मोजताना त्या माणसाला सांगू नका. ‘तुमचा श्वास मोजते’ म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. आम्ही काय करतो, नाडी मोजून झाली तरी मनगट सोडत नाही आणि नजर छातीकडे नेतो. बुरखा, दुपट्टा, शाल यामुळे छाती दिसत नसेल तर पोटाची हालचाल बघा.

लहान मुलांसाठी आकडे वेगळे आहेत, आणि हे पाठ करा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास. दोन महिने ते एक वर्ष, ५० किंवा जास्त. एक ते पाच वर्षं, ४० किंवा जास्त. खोकला झालेल्या मुलाचा श्वास इतका जलद असेल तर तो न्यूमोनिया असू शकतो. मूल शांत असताना, रडत नसताना, पूर्ण एक मिनिट मोजा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध पीत नसेल, सुस्त पडलं असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. घरातला एक भाऊ, एक फुफी, एक खाला, कोणालाही हे एक मिनिट मोजता आलं तर मूल वेळेत दवाखान्यात पोहोचतं.

चौथा रक्तदाब. आपल्याकडे म्हणतात, ‘मला बीपी नाही.’ अहो, बीपी सगळ्यांना असतो, नसला तर माणूस जिवंत कसा राहील! प्रश्न तो वाढला आहे का हा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, देशात १५ वर्षांवरच्या सुमारे २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा ते त्यासाठी औषध घेत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, जगात रक्तदाब वाढलेल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते माहीतच नाही. कारण तो दुखत नाही. वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही, आणि एक दिवस अर्धांगवायू किंवा हृदयविकाराचा झटका येतो.

मोजायची रीत नीट ऐका, कारण यात घाई झाली की आकडा खोटा येतो. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिस्री, बिडी नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून पाच मिनिटं स्वस्थ बसा, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, बाहीवर नाही. ज्या बहिणींची बाही घट्ट असते त्यांनी दवाखान्यात जाताना सैल बाहीचे कपडे घालावेत, आणि पडद्याआड किंवा सिस्टरकडून मोजायची मागणी बिनदिक्कत करावी. लाजेपोटी जाड बाहीवरून मोजलेला आकडा भरवशाचा नसतो. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, छोट्या पट्ट्यावर बीपी खोटं वाढलेलं दिसतं. मोजताना बोलू नका. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, दोन्ही लिहा.

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त येत राहिलं तर रक्तदाब वाढला आहे असं डॉक्टर मानतात. घरी मोजताना १३५/८५ च्या वर सतत येत असेल तर दाखवा. एका वेळच्या आकड्यावर गोळी सुरू करू नका, आणि एका वेळच्या चांगल्या आकड्यावर गोळी बंदही करू नका. ‘आता बीपी नॉर्मल आलं, गोळी सोडली,’ हे मी आठवड्यातून दहादा ऐकते. तो आकडा गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. रमजानमध्येही हेच होतं. रोजे सुरू झाले की गोळ्या बंद. असं करू नका. रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी अब्बूंना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सहरी-इफ्तारच्या हिशेबानं गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्या. रोजा ठेवणं त्यांच्या तब्येतीला झेपेल का, हेही तेव्हाच विचारा.

पाचवा ऑक्सिजन. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आपल्या राज्यात घरोघर तापमान आणि ऑक्सिजन मोजला गेला. त्या काळात अनेक घरांत ऑक्सिमीटर आले. आज ते कपाटात पडले आहेत आणि आतले सेल गळून गेले आहेत. ते बाहेर काढा. निरोगी माणसात ९५ ते १०० टक्के असतो. ९४ किंवा त्याखाली आला तर डॉक्टरांशी बोला, ९० च्या खाली गेला तर लगेच रुग्णालय. ज्यांना फुप्फुसाचा जुना आजार आहे त्यांचा नेहमीचा आकडा डॉक्टरांकडून समजून घ्या.

हे यंत्र बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवतं आणि रक्तानं त्यातला किती शोषला यावरून हिशेब करतं. त्यामुळे थंड पडलेलं बोट, नेलपॉलिश, गडद काळी मेंदी यांनी आकडा बिघडू शकतो. हात चोळून गरम करा, मेंदी नसलेलं बोट वापरा, मिनिटभर आकडा स्थिर होऊ द्या. आणखी एक गोष्ट. २०२० साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं की कृष्णवर्णीय रुग्णांचा ऑक्सिजन खरा कमी असताना यंत्रानं तो ठीक दाखवण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होतं. आपल्यातही सावळी, काळी माणसं पुष्कळ आहेत. म्हणून यंत्र ९६ दाखवतंय आणि माणसाला एक वाक्य सलग बोलता येत नाही, तर विश्वास माणसावर ठेवा.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते. आपल्या घरात हे आकडे कोणाचे मोजले जातात? अब्बूंचे, कारण ते कमावतात. लहान मुलांचे, कारण ती रडतात. अम्मीचे, भाभीचे, घरी शिवणकाम करणाऱ्या खालाचे कोण मोजतं? ती स्वतःच म्हणते, ‘काही नाही, बरं आहे,’ आणि आपण ते मान्य करतो, कारण ते आपल्याला सोयीचं असतं.

बाळंतपणाच्या विभागात असताना बावीस वर्षांची एक मुलगी आली. आठवा महिना. दोन दिवस डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, चेहरा सुजला होता. घरात कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं उष्णता. पाणी फुंकून दिलं होतं. तिची नणंद अकरावीत होती. तिनं आशाताईंना बोलावलं, आशाताईंनी बीपी तपासायला आरोग्य केंद्रात नेलं आणि तिथून तिला आमच्याकडे पाठवलं. बीपी होतं १७०/११०. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं, बीपी उतरवलं आणि त्याच रात्री सिझेरियन झालं. आई वाचली, बाळही वाचलं. त्या घरातल्या लोकांचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही, सासू रात्रभर तस्बीह घेऊन बाहेर बसली होती. दुआ जरूर करा. पण पट्टा बांधायला उशीर करू नका. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर त्याच दिवशी दाखवायचं, आणि सोबत डोकेदुखी, अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं असेल तर तासाभराचाही उशीर नको.

तुम्ही काय करायचं? एक साधी वही घ्या. घरातल्या प्रत्येकाचं एक पान. तारीख, वेळ, पाच आकडे आणि कोणतं औषध चालू आहे. बरं असताना आधी मोजून ठेवा, म्हणजे त्या माणसाचा नेहमीचा आकडा कळतो. ज्या दादीची नाडी कायम ६५ असते, तिची ९५ झाली तर पुस्तकाप्रमाणे ती ठीक आहे, पण दादीच्या हिशेबानं काहीतरी घडतंय. ओपीडीत डॉक्टरांकडे तुमच्यासाठी दोन-तीन मिनिटं असतात. ‘अम्मीला कसंतरी होतंय’ म्हणालात तर त्यातच वेळ जातो. ‘गेल्या आठ दिवसांत सहा वेळा १५०/९५ च्या वर आलं आहे, गोळी रोज घेते,’ असं म्हणून वही पुढे केली की डॉक्टर मान वर करून बघतात. हे मी टेबलाच्या पलीकडून रोज पाहते.

बीपीचं यंत्र घ्यायचं तर मनगटाचं नको, दंडाचं घ्या. परवडत नसेल तर चार घरांनी मिळून एक घ्या. तेही नसेल तर आरोग्य केंद्रात, ‘आपला दवाखाना’मध्ये बीपी मोफत मोजून मिळतं. तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी तपासावं असा सरकारी कार्यक्रमच आहे. तो आपला हक्क आहे, जाऊन घ्या.

आणि आकड्यांचे गुलामही होऊ नका. दिवसातून वीसदा बीपी बघणारेही माझ्याकडे येतात, त्यांचं बीपी त्या काळजीनंच वाढतं. छातीत दाबल्यासारखं होतंय, तोंड वाकडं झालंय, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, ओठ निळे पडलेत, माणूस नीट शुद्धीवर नाही, अशा वेळी मोजत बसू नका. १०८ लावा.

आज घरी गेल्यावर अम्मीला पाच मिनिटं स्वस्थ बसवा. ती म्हणेल, ‘स्वयंपाक राहिलाय, नंतर बघू.’ गॅस बंद करा, खुर्ची द्या, पाठ टेकू द्या. मग मोजा आणि वहीच्या पहिल्या पानावर तिचं नाव लिहा.

आता इकडे या, आपण एकमेकांची नाडी धरून सुरुवात करू.